आणखी भात

मोर्च्यावर गोळीबार झाला त्या संध्याकाळी भागीमावशीच्या लालबागमधल्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवणारे गिरणीतले सगळे मेंबर वेळेवर पाटावर बसले.

"माझी सगळी पोरां परत इली!" म्हणत मावशीनं प्रत्येकाला जादा बांगडा वाढला.

प्रत्येकजण घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होता. तरी एरवी एका भाकरीवर उठणारेही पुन्हा पुन्हा भात मागत राहिले. पाटावरून उठायला कुणी तयार नव्हतं.

"आज बरी भूक लागली रे तुमका!" मावशीनं टोप खरवडला. "आता पुरे. ह्यो भात माझ्या लेकाक, बाबल्याक. तो आता येतलो. तुमी उठलात की तेचा ताट वाढतंय."

कुशाबानं बाबल्याच्या रक्तानं कडक झालेली डावी बाही पाठीमागं लपवली आणि ताट पुढं केलं.

"मावशी, अजून थोडा वाढ."