झाकणावरचं नाव

"ताई, याच्यावर पॉलिश कसलं मारलंय?" लेझरवाल्यानं पेटी उजेडात तिरकी धरली. "आरशासारखं झालंय. पण पॉलिशवरूनच कोरायचं तर ते काय आहे हे कळायला हवं."

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, उजवा हात कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखा. ही पेटी पुरी झाली आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. जन्मभर सुतारकी केली, पण एकाही वस्तूवर स्वतःचं नाव घातलं नाही. या शेवटच्या पेटीवर तरी असावं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"बाबा, लाखेचं आहे का?"

"हो."

"का वॉर्निश?"

"हो."

"का नुसतं तेल?"

"हो."

देवानं त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द राहू दिला होता.

"काका कुणालाच नाराज करत नाहीत," लेझरवाला हसला. "थांबा, आधी खालच्या अंगाला एक अक्षर मारून बघू."

पेटी उलटी झाली. अक्षर स्वच्छ उमटलं, तपकिरी, रेखीव.

लेझरवाल्यानं पेटी सुलटी करून बाबांपुढे धरली. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि झाकण थोपटू लागला. "हो, हो, हो!"

"बघा, खूश झाले!"

तिलाही भरून आलं. तिनं तो हात अलगद सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवला.

झाकणाला कागदी पट्टी चिकटवून यंत्र सुरू झालं. रंगीत काचेपलीकडे उजेडाचा ठिपका धावू लागला.

"हो! हो!" बाबा खुर्चीतून उठू पाहत होते.

"होतंच आलंय, बाबा. बसा ना जरा."

मग वास आला. लाकडाचा नव्हता. आणि त्या वासासरशी तिला बाबांचं जुनं बोलणं आठवलं. खालची बाजू का नाही चमकवत, असं तिनं लहानपणी विचारलं होतं. 'अगं, खाली कोण बघतंय? तिथं पॉलिशचा एक हात बास. झाकणावर मात्र हातावर हात चढले पाहिजेत.'

"थांबवा! अहो, थांबवा ते!"

ठिपका विझला. पट्टी निघाली. अर्धं नाव उमटलं होतं आणि अक्षरांभोवती पॉलिश पांढरं पडून फुगलं होतं, भाजल्या कातडीसारखं.

"पुसून जाईल ना?"

"फोड आलेत, ताई. वर थर जाड निघाला. सगळं झाकण घासून पुन्हा पॉलिश करावं लागेल." तो खुर्चीकडे बघत हळूच म्हणाला, "अर्धं नाव बरं नाही दिसणार. उरलेलं करून टाकू का?"

दोघांनी बाबांकडे पाहिलं.

"हो," बाबा म्हणाले.

तिनं पेटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी डाव्या अंगठ्यानं चाचपत पहिलं अक्षर शोधलं आणि त्यावरून अंगठा घासू लागले. सावकाश, लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, कुठंही आडवं न जाता.