बाकावरचा फोन

जवळ या, एक गोष्ट सांगते. माझ्याच हातून घडलेली. ब्रिस्बेनच्या आमच्या सामोआ बेटांवरून आलेल्यांच्या चर्चमध्ये गाणाऱ्या मासिनामावशीचा भाऊ न्यूझीलंडात निवडणुकीला उभा होता. दर रविवारी ती फोन बाकावर ठेवून गायची आणि तो तिकडून तिचं स्तोत्र ऐकायचा. मावशीचं मतही तिथलंच. कागदावर खूण करून, स्कॅन करून इथून ऑनलाइन पाठवायचं. “पोरी, कुणाला दिसणार नाही ना?” “छे गं मावशी!” म्हणत मी मतपत्रिका चर्चच्या स्कॅनरवर ठेवली आणि पत्ता न पाहताच बटण दाबलं. तो स्कॅनर स्तोत्रं सगळ्या गायकांना धाडायला जोडलेला. गाण्याच्या तालमीत तीस फोन वाजले. “नवं स्तोत्र आलं वाटतं!” कुणीतरी हसलं. मग पडद्यावर मावशीची मतपत्रिका उघडली. खूण भावाच्या नावापुढे नव्हती. “गुप्त असतं म्हणूनच मनातलं दिलं गं,” मावशी पुटपुटली. कळताच भावाचे फोन थांबले. मावशी अजूनही फोन बाकावर ठेवूनच गाते. तिचं मागणं एवढंच: प्रार्थनेत भावाला आठवा.