चोपन्नची फ्रेम

“साहेब, पाय अजून जरा फाकवा,” ललितभाई म्हणाले.

गोपीनाथ सावेंनी पाय फाकवले. पाठ सायकलच्या दुकानाच्या भिंतीला, पावलं अनवाणी आणि दोन्ही मांड्यांच्या मधोमध मागच्या वर्षीची जाडजूड डायरी. ललितभाईंनी ती खालून वर अशी काही दाबली की सावेंच्या तोंडून एक वेगळाच सूर निघाला. डहाणूच्या भर बाजारात, शटर सताड उघडं असताना, तलासरीच्या तहसील कचेरीतला अव्वल कारकून या अवस्थेत उभा होता. रस्त्याने चाललेली एक मासळीवाली टोपलीसकट थबकली, तिने नीट बघून घेतलं आणि मगच पुढे गेली.

सावेंची बायको मनोरमा नेहमीसारखी पाठीत वाकून बाकड्यावर चहा पीत बसली होती. तिला घरी ठेवायचं त्यांनी तीनदा बघितलं होतं. ती आलीच.

“मोजायची गरजच काय?” सावे कुरकुरले. “सांगितलं ना, उंची पाच आठ. आमच्या कचेरीतला दर्शन पाच आठ आहे. त्याला चोपन्न सेंटिमीटरची फ्रेम बसते. मलाही चोपन्नच द्या.”

हा दर्शन दर रविवारी चौघांना घेऊन डहाणूहून चिखल्यामार्गे पार झाईपर्यंत सायकल मारायचा आणि सोमवार ते शनिवार त्याबद्दलच बोलायचा. सावेंच्या रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि सावेंनी भर कचेरीत जाहीर करून टाकलं, की आपणही रोड बाइक घेतोय. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, अस्सल. चोपन्नचीच.

ललितभाईंनी डायरीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडली. “शहात्तर सेंटिमीटर. तुम्हाला एक्कावन्नची फ्रेम बसेल, साहेब.”

“टेप जुनी आहे तुमची. ताणली गेलीय.”

“टेप गेल्या महिन्यात घेतली. चोपन्न न्याल, तर सिग्नलला उतरताना हा मधला दांडा असा बसेल, की घरी पोचेपर्यंत आवाज बारीक.”

सावेंनी ऐकलं नाही. चोपन्नची सायकल खाली काढायला लावली आणि सीट अगदी तळाला बसवायला सांगितली. ते चढले, ते ठीक झालं. उतरताना मात्र पाय जमिनीला लागायच्या आत दांडा जिथे लागायचा तिथे लागला. सावे लहान मुलांच्या सायकलींच्या रांगेवर आडवे झाले. आठ सायकली एकामागून एक पडल्या. शेवटच्या सायकलची घंटी बराच वेळ वाजत राहिली.

“लागलं का हो?” मनोरमाने विचारलं.

“नाही.” सावेंचा आवाज खरंच बारीक आला होता.

ललितभाईंनी त्यांना उठवून पुन्हा भिंतीशी उभं केलं, डोक्यावर डायरी आडवी धरली, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. “पाच पाच,” ते हळूच म्हणाले. आणि समजूतदार दुकानदार असल्यामुळे पंपाला तेल घालायचं निमित्त काढून आत गेले.

हे वरचे तीन इंच सावेंच्या मामाने लग्नाच्या बायोडेटात वाढवले होते. तेव्हापासून सावेंनी ते जिवापाड जपले होते. जाड तळव्याचे बूट घालून, फोटोत पायरी गाठून, लायसन्सवरसुद्धा तेच लिहून. सव्वीस वर्षं! आणि आता एका डायरीने सगळं मातीत घातलं. रेघ समोर होती. लपवायला काही उरलं नव्हतं.

“अगं, एक सांगायचं होतं,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “मी पाच आठ नाही. कधीच नव्हतो. तुझ्या घरच्यांना फसवलं आम्ही. तुलाही.”

मनोरमाने चहाचा शेवटचा घोट घेतला. “माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“मला बघायला आलात, आमच्या दारातून आत शिरलात, तेव्हापासून.”

“आणि बोलली नाहीस? एवढी वर्षं?”

“बोलले असते, तर टेप माझ्याकडेही आली असती.”

मनोरमाने कप खाली ठेवला. चपला काढल्या. उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग तिने खांदे मागे घेतले, मान ताठ केली आणि हळूहळू वर वर गेली. सावेंची नजर तिच्या कपाळावरून निघाली आणि आता कुठे थांबायचं ते त्या नजरेला समजेना. तेवढ्यात ललितभाई तेलाचा डबा घेऊन बाहेर आले. बघताच त्यांनी डायरी उचलली, तिच्या डोक्यावर धरली आणि रेघ मारली. सावेंच्या रेघेच्या चांगली वर.

“पाच आठ,” ललितभाई म्हणाले. “मनोरमाबेन, तुम्ही तर पाच आठ!”

“आमच्या बाबांनी बायोडेटात पाच तीन लिहिलं होतं. ताडमाड मुलीला कुणी पसंत करेना,” ती म्हणाली.

बायको पाठीत वाकून चालते ती पाठ दुखते म्हणून, असं सावे पहिल्या दिवसापासून समजत आले होते. दर महिन्याच्या पगाराला न चुकता तिच्यासाठी बामची बाटली आणत होते.

“आणि तुझी पाठ गं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“ती कधीच दुखली नाही हो,” मनोरमा म्हणाली. “ललितभाई, यांना एक्कावन्न द्या आणि ती चोपन्न माझ्यासाठी काढा.”