सिस्टरचा मोबाईल

"सिस्टर आहेत का? काल बाळाला लस दिली, आता ते तापलंय. नेटवर बघितलं, तर मेंदूला सूज येते असं लिहिलंय." पलीकडची पोरगी रडत होती.

माझी बायको आरोग्य केंद्रात बाळांना लस द्यायची. आया नेटवर वाचून घाबरायच्या, हिला फोन करायच्या. त्यांना समजावता समजावता हिचं ताट गार व्हायचं. ती जाऊन महिना झाला, तरी फोन येतातच. प्रत्येकीला ती गेल्याचं सांगून मी थकलोय.

आज मात्र सांगवेना. बायको आधी काय विचारायची, तेवढं मला पाठ होतं.

"पोरी, बाळ अंगावर पितंय का?"

"पितंय. हसतंयसुद्धा."

"मग केंद्रातून दिलेलं तापाचं औषध पाज. केंद्रातल्या दुसऱ्या सिस्टरचा नंबर देतो, त्यांनाही विचार."

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. "काका, ताप उतरला. नेटवर इतकं वाचलं, पण बाळ पितंय का, हे तिथं कुणी विचारलंच नाही. आपल्या सिस्टरना सांगा हं."

"सांगतो," मी म्हणालो आणि बायकोचा मोबाईल चार्जिंगला लावला.