रेघेवरचं गाणं

माईक हातात आला तशी देलियाने खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली.

"लोला, डोळे जातील ना!" नात मायुमी ओरडली. लोला म्हणजे आजी, लोलो म्हणजे आजोबा. देलिया नुसती हसली. डोळे गेले असते तर खरंच पंचाईत होती. कान केव्हाच गेले होते, आणि ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

जावयाच्या वाढदिवसाला फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या छोट्या घरात दुपारी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. टीव्हीवर गाण्याचा खेळ लावलेला. समोर जेवणाची ताटली घेऊन चर्चच्या गायकवृंदाचे माएस्त्रो, म्हणजे संचालक, तेरियो बसलेले. येत्या सोळा तारखेपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ पहाटेच्या प्रार्थना, आणि नऊही दिवस एकटीने गायचा मान गेली बावीस वर्षं देलियाचा. गेल्या रविवारी तिचा सूर दोनदा घसरला होता. माएस्त्रो काही बोलले नव्हते. पण तेच गाणं त्यांनी दुसऱ्या बाईकडून म्हणवून घेतलं, आणि देलियाची झोप उडाली.

तिच्या आधी शेजारचा नोनोय गायला. गायला कसला! तोंडात डुकराच्या मांसाचा तुकडा, वरून नुसतं 'हं हं हं'. तरी खेळाने त्याला अठ्ठ्याऐंशी गुण दिले. घर हसून लोटपोट.

"या खेळाला शब्द कळत नाहीत, लोलो माएस्त्रो," मायुमीने समजावलं. "सूर लागला की झालं."

"शब्द कळत नाहीत, शेजारी कोण गातंय ते कळत नाही," माएस्त्रो म्हणाले. "पाठ थोपटायला मात्र तयार. असला मास्तर आम्हाला मिळाला असता तर!"

देलियाने हे त्यांच्या ओठांवरून टिपलं आणि सगळ्यांबरोबर हसली. एक क्षण उशिराच.

तिला मात्र हा मास्तर हवा होता. पडद्यावर निळ्या रेघा सरकत यायच्या आणि आपला सूर म्हणजे एक पिवळा ठिपका. सूर उतरला की ठिपका रेघेखाली, चढला की वर. चारचौघांत लाज न काढता तो चूक दाखवायचा. गेले दोन महिने घरी कुणी नसताना ती या ठिपक्याला रेघेवर बसवत होती. आज माएस्त्रोंसमोर तो बसायलाच हवा होता.

गाणं सुरू झालं. जुनं, गोड, प्रेमाचं. देलियाने पापणीही लवू दिली नाही. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात ठिपका थरथरला, तिने तो वर उचलला.

तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, नोनोय उठून उभा राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग जावई उठला. मग बायका. आणि शेवटी गवताची हॅट छातीशी धरून स्वतः माएस्त्रो.

तिचं काळीज भरून आलं. बावीस वर्षांत माएस्त्रो तिच्या गाण्याला कधी उभे राहिले नव्हते. तिने आवाज मोकळा सोडला. शेवटची लांब रेघ ती पार टोकापर्यंत घेऊन गेली. पडद्यावर चांदण्यांचा पाऊस पडला आणि आकडा आला: सत्त्याण्णव.

ती हसत वळली.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. त्यांच्यामागे खिडकीत एक पांढरी गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि गाडीमागे उन्हात छत्र्या धरून माणसं.

दारावरून प्रेत जाताना इथे रेडिओ, टीव्ही, बोलणं, सगळं बंद होतं. शेंबड्या पोराला हे शिकवावं लागत नाही. देलियाने झटकन पडद्याकडे पाहिलं. कोपऱ्यात आवाजाच्या चिन्हावर तांबडी फुली होती. लेकीच्या, जिंकीच्या, हातात रिमोट होता. कोण जाणे किती वेळ ती त्या मुक्या टीव्हीसमोर, परक्याच्या प्रेतयात्रेवर प्रेमगीत गात राहिली होती, आणि तेही बिनचूक.

"अगं बाई! गाण्यात इतकी गुंगले मी, भानच राहिलं नाही," ती म्हणाली. नको तितक्या मोठ्याने, कारण खिडकीतली माणसं वळून बघायला लागली.

जिंकीने रिमोट खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते.

माएस्त्रो दोन पावलं पुढे आले. हॅट त्यांनी छातीवरून उचलून तोंडासमोर धरली आणि तिच्याआडून हळूच विचारलं,

"देलिया, किती दिवस झाले तुला ऐकू येईनासं होऊन?"

खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं. देलियाला फक्त हॅट हललेली दिसली. माएस्त्रोंनी आपल्याला काही विचारलंय, एवढं तिला कळलं. आणि यावेळी, या महिन्यात, ते दुसरं काय विचारणार?

"नऊच्या नऊ दिवस, माएस्त्रो," ती घाईघाईने म्हणाली. "एकही चुकवणार नाही."