दांडा हळूहळू ढकल

"म्हातारबा, रोज तीनशे माणसं उतरवायचास, आज स्वतःला तरी धड उतरव," मी चिडवलं. हसत हसत शिवी हासडून हार्लन महायुद्धातलं लढाऊ मस्टँग विमान घेऊन पहिल्यांदाच एकटा उडाला. असा एकटा उडून आलेल्याच्या शर्टाचं पाठीमागचं टोक कापायची आमच्या टेक्सासात रीत, म्हणून त्याची बायको लोरीन कात्री घेऊन माझ्याशेजारी उभी. हे विमान मीच त्याला शिकवलेलं, आणि बजावलेलं: उतरताना गडबडलास तर इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा हळूहळू ढकल, एकदम रेटलास तर इंजिनच विमानाला पालथं घालतं. पण त्याचा हात प्रवासी विमानांवर घडलेला. तिथं एकदम रेटलं तरच माणसं वाचतात. मस्टँग टेकलं, उसळलं आणि इंजिन एका झटक्यात गरजलं. मी लोरीनचं तोंड छातीशी घट्ट दाबलं. "सोड, मेल्या! आता कसली मस्करी?" ती खिदळली. "ऐक ना, परत वर निघाला माझा हार्लन!"