तीन टिंबांचं फोल्डर

ऋजुताच्या डोक्यातलं ते फोल्डर याही खेपेला डिलीट झालं नाही, तेव्हा श्रीपादचा पारा चढला. आत लग्नाआधीच्या प्रियकराच्या आठवणी, आणि नावाच्या जागी नुसती तीन टिंबं!

"अगं, नाव तरी धड द्यायचंस!"

"लाज वाटली रे तेव्हा," ऋजुता म्हणाली. "आता पुसायला मी नाही म्हणतेय का?"

"असलं नाव यंत्राला चालत नाही," स्मृतिदुरुस्ती केंद्रातल्या कुंभोजकर बाई म्हणाल्या. "त्यामुळे पुसताही येत नाही, नावही बदलता येत नाही. फक्त हलवता येतं. दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात."

तो माणूस बायकोच्या डोक्यात आणखी एक दिवस मुक्काम करणार, हे श्रीपादला सोसेना. त्याने तावातावाने खुर्ची पुढे ओढली.

"माझ्या डोक्यात टाका. बघतोच त्याच्याकडे!"

काम चुटकीसरशी झालं. ऋजुताला त्या प्रियकराचा चेहरासुद्धा आठवेना. श्रीपाद लढाई जिंकल्यासारखा घरी आला.

रविवारी पोहे खाताना तो खिडकीबाहेर बघून गालातल्या गालात हसला. मग त्याने उसासा टाकला.

"काय झालं?" ऋजुताने विचारलं.

"काही नाही गं. त्याला पोह्यांवर ओंजळभर शेव लागायची. खाताना इतका गोड दिसायचा..."

ऋजुताचा चमचा ताटलीत आपटला. "कोण तो?"

श्रीपाद चक्क लाजला. नाव काही तोंडातून निघेना.

"ऊठ," ती चप्पल शोधत म्हणाली. "आत्ताच्या आत्ता कुंभोजकर बाईंकडे चल. टाक त्याला माझ्या डोक्यात. बघतेच मी त्याच्याकडे!"